टाक्याचं पाणी

गुरुवारी संध्याकाळी लॅबमधून घरी जाताना अक्षतानं रोजच्यासारखा आप्पांचा नंबर लावला, आणि तो लागला. रिंग वाजायला लागली तशी ती विश्रामबागच्या चौकात, रसाच्या गाड्यापाशी, चालता चालता थांबली. आप्पा उन्हाळ्यात गेले होते. त्यांचा मोबाइल तिच्या भावानं, राजरत्ननं, पुण्याला नेला होता. सिम केव्हाच बंद पडलं होतं. तरीही रोज या वळणावर आलं की तिची बोटं नंबर लावायची आणि एक बाई शांतपणे सांगायची, आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे. तेवढं ऐकून ती फोन पर्समध्ये टाकायची. हे वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं, पण त्या 'सध्या' शब्दाचा तिला आधार वाटायचा. आज ती बाई बोललीच नाही. कुणीतरी फोन उचलला. मागं बाजाराचा कालवा, हमालांच्या आरोळ्या. "हॅलो, कोन बोलतंय?" एका बाईचा दमलेला आवाज. अक्षतानं फोन कानाशी आणखी दाबला. "आवं बोला की! लोणंदवरनं बोलतीया मी. हा नंबर आमाला नवा मिळालाय. लय जन फोन करत्यात, जालिंदरभाऊ हायत का म्हनून. हितं न्हाईत वं जालिंदरभाऊ." "रॉंग नंबर," अक्षता कशीबशी म्हणाली आणि फोन बंद केला. रसवाल्यानं घुंगरू वाजवत चरक फिरवला, एक स्कूटर तिला चाटून गेली, आणि तिच्या मनात भलताच विचार आला, की आप्पांना अजून लय जण फोन करतात. कोण असतील ते? तिला तर गेल्या कित्येक दिवसांत कुणी आप्पांबद्दल चकार शब्द विचारला नव्हता.

घर तसंच होतं, दोन खोल्या आणि एक गॅलरी. लग्न दुसऱ्याच वर्षी मोडलं तेव्हा ती एक बॅग घेऊन इथं आली होती, आप्पांनी दार उघडलं होतं, बॅग आत घेतली होती आणि म्हणाले होते, "जेवलीस का?" त्यानंतर त्यांनी त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. बापलेक इतकी वर्षं एकमेकांच्या सोबतीनं, फारसं न बोलता राहिली. आप्पा बोलायचे ते एकाच गोष्टीबद्दल, त्यांच्या शाळेच्या वाटेबद्दल. माण तालुक्यात डोंगराच्या माथ्यावर एक वाडी, गव्हाळवाडी, आणि पायथ्याला खडकी हे गाव. शाळा खडकीत. मध्ये जुन्या काळी डोंगरात खोदून काढलेली घाटवाट. कुणी म्हणायचं बादशाहीतली, कुणी त्याच्याही आधीची. त्या वाटेनं आप्पा पोरवयात रोज उतरायचे आणि रोज चढायचे. कातळात कोरलेल्या पायऱ्या, अर्ध्या वाटेवर खडकातलं पाण्याचं टाकं. "त्या टाक्याचं पाणी," आप्पा भाकरीचा घास हातात धरून सांगायचे, "इतकं गार, की दात वाजायचे. वाळ्याचा वास यायचा त्याला. तसं पाणी मी जन्मात पुन्हा प्यायलो नाही." फ्रिजमधली बाटली पुढं केली की हसून मान हलवायचे. आणि हा माणूस सांगलीत कोपऱ्यावरच्या दुकानात जायलासुद्धा रिक्षा करायचा. त्यांच्या पोस्टातले सहकारी चेष्टा करायचे. लहानपणी अक्षताला लाज वाटायची. आप्पा म्हणायचे, "माझं चालून झालंय." गावी मात्र त्यांनी तिला कधीच नेलं नाही. "तिथं आता कोण आहे आपलं? सगळी मुंबईला गेली," एवढंच.

शुक्रवारी आणि शनिवारी ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली आणि काचेखालच्या पेशी मोजताना तिची मोजणी पुन्हा पुन्हा चुकली. 'हितं न्हाईत.' मग कुठं आहेत? सांगलीत ते स्मशानाच्या धुरात गेले होते, फोटोतले आप्पा तर फोटोग्राफरनं गोरे केलेले. एक जागा अशी होती जिथं ते खरोखर, रोज, पायांनी होते, आणि ती जागा तिनं पाहिली नव्हती. रविवारी पहाटे तिनं पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या, चपात्या आणि गुळाचा खडा टाकला आणि विट्याची एसटी धरली. राजरत्नला कळवावं असं मनात आलं होतं. तो म्हणाला असता, ताई, गाडी काढून जाऊ ना आपण, पुढच्या महिन्यात. तिनं कळवलं नाही. विटा, मायणी, दहिवडी, आणि तिथून वडापच्या जीपमध्ये तीन बायकांच्या मध्ये दाटीवाटीनं बसून ती खडकीला उतरली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

वाट सापडायला कष्ट पडले नाहीत. गावाच्या वेशीतून, मारुतीच्या देवळाला वळसा घालून ती सरळ डोंगराला भिडत होती. दगडी कमानीचा एक खांब उभा होता, दुसरा पडलेला. चावडीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तिचे बूट पाहिले आणि विचारलं, "एकटंच?" तिनं मान हलवली. "जावा. पर मधी दरड कोसळल्या, बघून जावा," तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. हिवाळ्याचे दिवस होते तरी कातळ तापलेला. गवत पिवळं पडून एका बाजूला झुकलेलं. मग पहिल्या पायऱ्या लागल्या. पायऱ्या मधोमध झिजून पन्हाळीसारख्या खोलगट झाल्या होत्या. तिनं बूट काढला आणि त्या खोलगट भागात उघडं पाऊल ठेवलं. दगड उष्ण होता, जिवंत वाटावा असा. इथं, तिनं मनाशी म्हटलं. इथंच. मग कुणी पाहत नाही ना हे बघून तिनं पुन्हा बूट चढवला, आणि कुणी पाहणार नाही, चिटपाखरूसुद्धा नाही, हे लक्षात येऊन तिचं तिलाच कसंसं झालं.

चढताना ती आप्पांच्या गोष्टी वाटेवर बसवून बघत राहिली, पण त्या बसेनात. आप्पा सांगायचे, जाताना उजव्या हाताला सतत पाण्याचा खळखळाट, पावसाळ्यात तर बोललेलं ऐकू येत नसे. इथं पाणी कुठंच नव्हतं, असायची शक्यताही नव्हती. वाट डोंगराच्या उघड्या सोंडेवरून जात होती, दोन्ही बाजूंना वारा. ते सांगायचे, जांभळीची दाट सावली, दप्तर फांदीला अडकवून जांभळं खायची. इथं निवडुंग आणि बोरीची खुरटी झुडपं. साठ वर्षांत झाडं जातात, तिनं स्वतःची समजूत काढली. झरे आटतात. म्हातारपणी माणसाच्या आठवणी एकमेकींत मिसळतात. तरी एक बारीक खडा बुटात गेल्यासारखा टोचत राहिला. मग दरड लागली. डोंगराची एक अख्खी फळी वाटेवर कोसळलेली, पायऱ्या तिच्याखाली गडप. माणसाएवढे धोंडे, मध्ये भुसभुशीत मुरूम. ती हातापायांवर चढायला लागली. अर्ध्यात आली तेव्हा एक दगड पायाखालून निसटला, ती बरोबर घसरली, गुडघा खरवडला, आणि हाताला सापडलेल्या बोरीच्या बुंध्याला ती लोंबकळली. दगड खाली खूप वेळ आपटत गेला. मग शांतता. बोरीचे काटे तळहातात रुतले होते आणि तिला सोडायचं धैर्य होत नव्हतं. ओरडावं असं वाटलं. तोंड उघडलं, आणि कुणाला हाक मारायची हे तिला सुचेना. आई लहानपणीच गेली. आप्पा नाहीत. नवऱ्याचं नाव तर जिभेवर येणंच शक्य नव्हतं. लॅबमधल्या पोरी, शेजारच्या वहिनी, एकेक नाव मनात आलं आणि हाकेइतकं मोठं होण्याआधीच विरून गेलं. फोनवर रेंज नव्हती. ती तशीच चिकटून राहिली, श्वास मोजल्यासारखा घेत, आणि मग पायानं चाचपून एक पक्का धोंडा शोधला, त्यावर भार दिला आणि कुणालाही हाक न मारता वर आली. वर आल्यावर ती बसली आणि तळहातातले काटे एकेक करून उपटले.

टाकं दरडीच्या पलीकडंच होतं. कातळाच्या पोटात चौकोनी खोदलेलं, तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड, वाळून गेलेला झेंडूचा हार. ती गुडघे टेकून बसली, जखम जपत, आणि ओंजळ भरली. इतका वेळ ती याचीच वाट पाहत होती हे तिला आता कळलं. पाणी कोमट होतं. शेवाळाचा, थोडा लोखंडासारखा वास. दुसरी ओंजळ घेतली. तशीच. तिनं हात आणखी खोल, कोपरापर्यंत बुडवून तळाचं पाणी घेऊन पाहिलं. दात काही वाजले नाहीत. वाळा नाही, काही नाही. तिला आप्पांचा राग आला, मग रागाचीच लाज वाटली. बाटलीतलं पाणी ओतून देऊन तिनं टाक्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं, कारण काही झालं तरी ते त्यांचं पाणी होतं.

माथ्यावर पहिलंच घर लागलं ते साळूबाई नावाच्या एका म्हातारीचं. अंगणात शेळ्या बांधलेल्या, आणि म्हातारी उन्हात पाय पसरून वाळत घातलेल्या मिरच्यांची देठं खुडत होती. तिनं कपाळावर हात धरून अक्षताकडं पाहिलं. "एकलीच आलीस व्हय गं? एवढ्या उन्हाची? पुन्याची मंडळी येत्यात कवा कवा, पर घोळक्यानं येत्यात. गुडगा फुटलाय बघ तुजा. बस, बस हितं." ती उठून हळद घेऊन आली. तिची बोटं खरखरीत होती आणि तिखटाची, हळदीबरोबर गुडघ्याला आग लागली, तशी म्हातारी हसली. "कुनाची गं तू? हिकडं कोन हाय तुजं?"

"माझे वडील इथलेच," अक्षता म्हणाली. हे वाक्य बोलताना तिला बरं वाटलं. "जालिंदर रणदिवे. सांगलीला पोस्टात होते."

म्हातारीनं मान तिरकी केली. "गेनूचा जालिंदर?"

"हो! गेनू माझे आजोबा."

"अगं बया! हाय का अजून जालिंदर?"

"उन्हाळ्यात गेले."

"गेला." साळूबाईनं हातातल्या मिरचीचं देठ खुडलं. "माज्याच बरुबरीचा असंल. मी लगीन हून आले तवा शाळंत जायाचा."

"याच वाटेनं जायचे ना? म्हणून तर आले मी. त्यांची वाट बघायला."

"ह्या वाटंनं?" म्हातारीला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "ह्या वाटंनं न्हाई गं. ही टाक्याची वाट. टाकं देवाचं. तुमच्या लोकास्नी टाक्यापासनं येऊ देत नव्हतं तवा. त्येंची वाट वढ्यातनं." तिनं हनुवटीनं डोंगराच्या पलीकडच्या उताराकडं दाखवलं, जिथं नुसती झाडी दिसत होती. तिच्या आवाजात ना खंत होती ना तोरा, त्या साली पाऊस झाला नाही असं सांगावं तसं ती सांगत होती. "माजा सासरा बसायचा टाक्यावर राखनीला. एकदा दुपारची तान लागली म्हनून दोगं-तिगं पोरं आलती वर, तर असं दगूड हानलं त्यानं... जालिंदरच्या हितं खोक पडलीती." साळूबाईनं स्वतःच्या भुवईवर बोट टेकवलं.

आप्पांच्या भुवईवर खूण होती. सायकलवरून पडलो, असं ते सांगायचे. अक्षतानं ती खूण शेवटच्या आजारात ओल्या फडक्यानं किती वेळा पुसली होती. "म्हणजे टाक्याचं पाणी ते कधीच..." तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला जेवणाच्या ताटावरचे आप्पा दिसले, घास हातात धरलेले, डोळे अर्धे मिटून गार पाण्याची चव सांगणारे.

"कुटनं पितील?" म्हातारी म्हणाली. मग काही आठवून तिच्या तोंडावर हसू आलं. "पर आवाज लय मोटा त्याचा. वढ्यातनं जाताना पाढं म्हनत जायची पोरं, भ्या वाटू नये म्हनून. मी वर शेरडं राखत ऐकायची. तेराच्या पाढ्यात अडाकला की फिरून पयल्यापासनं. ऐकून ऐकून मलाबी धा पातुर पाढं आलं. माज्या घरात कुनाला म्हाईत न्हाई." ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "घे. पानी पी."

अक्षतानं तांब्याकडं पाहिलं. पितळेचा, घासून लख्ख केलेला. या घरातला. म्हातारी तांब्या पुढं धरून उभी होती. अक्षताला तहान लागली होती. ती प्यायली. मग पिशवीतून बाटली काढून तिनं ती मिरचीच्या रोपाशी, अंगणाच्या कडेला रिकामी केली. साळूबाईनं पाहिलं. "ओढ्याची वाट कुठून निघते?" अक्षतानं विचारलं.

"आता कोन जातंय तिकडनं? शेरडंबी जात न्हाईत. पडशील बया. आल्या वाटंनं जा." पण अक्षता उठून उभी राहिली, तेव्हा म्हातारी काठी घेऊन बांधापर्यंत आली. चार पडक्या जोत्यांपाशी तिनं काठी टेकवली. "ह्यातलं मधलं तुमचं," ती म्हणाली, "आन् हितनं खाली." अक्षता त्या जोत्यावर काही क्षण उभी राहिली. दगडांत तरवड वाढला होता. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. ऊन कलायला लागलं होतं, आणि ती उतरायला लागली.

ती वाट नव्हतीच. करवंदीच्या जाळ्या, त्यांच्याखाली ओढ्याचं कोरडं पात्र, गुळगुळीत धोंड्यांवरून धोंड्यांवर. ती बसत, घसरत, कधी उलटी होऊन उतरत होती. बाहीचं कापड फाटलं, केसांत काटे अडकले. आणि मग पात्राच्या तळाशी पाणी लागलं. उजव्या हाताला, म्हणजे वर जाताना डाव्या. नाही, ती थांबली. आप्पा म्हणायचे, जाताना. शाळेत जाताना, म्हणजे उतरताना. उजव्या हाताला. पाणी फार नव्हतं, एका डबक्यातून दुसऱ्यात उतरणारी बोटाएवढी धार. पण त्या अरुंद घळीत तिचा आवाज भरून राहिला होता. वर जांभळी होत्या, जुन्या, वाकलेल्या. तिनं धारेखाली हात धरला नाही. तिला आत्ता काही तपासून बघायचं नव्हतं. तिला संताप येत होता, उसळून वर येणारा, आणि तो साळूबाईच्या त्या दगड मारणाऱ्या सासऱ्यावर जाऊन थांबत नव्हता, तो आप्पांवर येत होता. "मला का नाही सांगितलं?" ती मोठ्यानं म्हणाली. घळीनं आवाज परतवला. "मला तरी सांगायचं होतं! दोघंच तर होतो आपण त्या घरात!" इतकी वर्षं ते एका ताटाच्या अंतरावर बसून जेवले होते, आणि त्यांनी तिच्यासमोर रोज त्या पायऱ्या चढून, त्या टाक्याचं पाणी पिऊन दाखवलं होतं. तिला सुखात ठेवायला? की स्वतःला एकदा तरी तिथं उभं करायला? ती धोंड्यावर बसून रडली, आप्पा गेले तेव्हा रडली नव्हती तितकी, नाक पुसायचं भान न ठेवता. तिनंही त्यांना कुठं सांगितलं होतं, लग्नाच्या त्या दोन वर्षांत काय झालं ते? त्यांनी जेवलीस का विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती, आणि तेव्हा ती दोन दिवसांची उपाशी होती.

उजेड पिवळा व्हायला लागला तशी ती उठली. पुढं ओढा एका उभ्या कड्यावरून खाली पडत होता, घराच्या छताएवढी उंची, खाली डबकं. बाजूनं जायला जागा नव्हती. परत वर जायला अंगात त्राण नव्हतं. ती पोटावर झोपून कडेवरून खाली वाकली, आणि तिला कातळात खोबणी दिसल्या. छिन्नीनं पाडलेल्या, एकाखाली एक, तिरक्या ओळीत. तिनं पाय खाली सोडला. बुटाचा पंजा खोबणीत मावेना. बूट काढून दोन्ही खाली टाकले, आणि अनवाणी अंगठा रोवला. खोबणी फार जवळ जवळ होत्या. तिच्या पायाला पुढची खोबण हवी तिच्या अर्ध्या अंतरावर लागत होती, गुडघे पोटाशी येत होते, आणि अर्ध्या कड्यावर लटकलेली असताना तिला कळलं, की या खोबणी लहान पोरांच्या पायांच्या मापानं पाडल्या होत्या. कुणीतरी इथं उभं राहून, पोराचं पाऊल किती उचलतं ते बघून, एकेक खोबण पाडली होती. गेनूनं असेल. आणखी कुणा बापानं असेल. कातळ गार होता. तिनं त्याला गाल टेकवला आणि लहान लहान पावलं टाकत ती उतरली.

पुढं ओढा रुंद झाला, झाडी विरळ झाली, आणि धुराचा वास आला. सकाळची वेस, मारुतीचं देऊळ, चावडी, यातलं काहीच इथं नव्हतं. ओढा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, घरांच्या मागच्या बाजूला निघत होता. पत्र्याची काही घरं, एका बांधकामावर निळा झेंडा, विहाराच्या भिंतीवर नुकताच दिलेला पांढरा रंग. नळापाशी एक बाई भांडी घासत बसली होती, साधारण अक्षताच्याच वयाची. झुडपांतून बाहेर पडलेलं हे ध्यान पाहून तिचा राखेचा हात तसाच थांबला. फाटकी बाही, पिंजारलेले केस, हळदीनं पिवळा गुडघा, हातात बूट.

"आवं ताई, तुमी कुटनं आला?"

"वरून. गव्हाळवाडीहून."

"तिकडं वाट न्हाई वं. वाट वेशीकडनं हाय."

"ओढ्यातून आले," अक्षता म्हणाली.

बाईनं तिच्या खांद्यावरून मागं, अंधारत चाललेल्या घळीकडं पाहिलं, आणि मग पुन्हा तिच्याकडं. पायांकडं, चेहऱ्याकडं. नळ सोडून तिनं बादली पुढं सरकवली.

"वढ्यातनं आलीस?" ती म्हणाली. "मग आपल्यातलीच की गं तू. ये, पाय धू."